पेट्रोमॅक्सच्या उजेडातले अरण्य

पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या वास्तूत आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रे कायमची मांडलेली आहेत. गोव्यात १८७० साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी आयुष्यभर नाते राहिलेल्या हा चित्रकार १९३५ साली गेला, तरी त्याने रंगवलेला चेहरा, पदराची घडी आणि गालावर पडलेला उजेड आजही समोर उभे राहून न्याहाळता येतो. ज्या चित्रकाराविषयी मला लिहायचे आहे, त्यांच्या बाबतीत ही सोय नाही. त्यांनी रंगवलेले कापड एकत्र अंथरले असते तर एखादे वायंगण शेत सहज झाकले गेले असते. पण त्यातला हातभर तुकडासुद्धा आज कोणत्याही भिंतीवर नाही. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, त्यांना सगळे भाई म्हणत. ते देवळांच्या उत्सवी नाटकांचे पडदे रंगवत आणि पुढे स्पर्धेच्या नाटकांचे नेपथ्य करत. त्यांचे नाव महालाबाहेर फारसे गेले नाही आणि घरच्यांच्या इच्छेनुसार मीही ते इथे देत नाही.

नाटकासाठी चित्र काढणाऱ्या माणसाची कारकीर्द मोजायची कशी, हा प्रश्न मला भाईंच्यामुळे पडला. कॅनव्हासवरचे चित्र एकदा पुरे झाले की ते पुरेच असते. रंगमंचावरचे चित्र मात्र चित्रकाराचा हात थांबतो तेव्हा अर्धेच झालेले असते. त्यावर दिवा पडायचा असतो, त्याच्यासमोर नट उभा राहायचा असतो आणि वीस-पंचवीस हातांवर बसलेल्या प्रेक्षकाने ते पाहायचे असते. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात नाहीत हे मान्य करून जो रंग लावतो, त्याची समज वेगळ्या जातीची असते आणि ती समज भाईंच्याकडे किती खोल होती हे मला अजूनही नव्याने जाणवते.

भाईंचा जन्म गणपतीच्या चित्रशाळेतला म्हटला तरी चालेल. वडील चिकणमातीच्या मूर्ती करत. आषाढापासून घराचा सोपा मूर्तींनी भरायचा आणि मुलाच्या हाती आधी सोवळ्याचा पिवळा, मग शेल्याचा तांबडा आणि पुष्कळ वर्षांनी डोळ्यांच्या आखणीचा बारीक कुंचला यायचा. चवथ झाली की नवरात्र. आमच्याकडच्या देवळांत नवरात्रीला देव मखरात बसतो, कीर्तन संपल्यावर वाद्यांच्या गजरात ते मखर हलवले जाते आणि रोज त्याची सजावट नवी असते. ती झाली की दिवाळीचा नरकासुर, मग कार्तिकापासून जत्रा आणि त्यांतली नाटके, फाल्गुनात शिगम्याचे चित्ररथ. गोव्यातल्या हिंदू वस्तीत ज्याचा हात रंगात चालतो त्याला वर्षभर हे चक्र सुटत नाही. मूर्तिकार, सजावटकार, पडदे रंगवणारा, नेपथ्यकार अशा वेगवेगळ्या पाट्या त्याला लावाव्या लागत नाहीत. मला ही फार मोठी कलाशाळा वाटते, कारण या प्रत्येक कामाला ठरलेला मुहूर्त असतो, बघणारा गाव ओळखीचा असतो आणि काम संपल्यावर त्याचे विसर्जन, दहन किंवा निदान गुंडाळणे ठरलेले असते.

तरुणपणी भाईंना हे चक्र सोडून जायचे होते. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ते जपून ठेवत आणि त्यांवरून नकला करत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोव्याचे. मुंबईत जाऊन त्यांनी मुखपृष्ठांवरून मराठी घराघरांत प्रवेश केला होता, तेव्हा आपणही का करू नये, असे एखाद्या पोराला वाटणे साहजिकच होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्या काही वर्षांत भाई गिरगावात एका नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकून राहिले. कलाशाळेची फी परवडली नाही. सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांच्या हाताखाली काम मिळाले आणि तिथे त्यांना मोठ्या मापाची ओळख झाली. हातभर लांबीचे नाक रंगवताना जवळून ते नाक दिसतच नाही, दिसतात ते तपकिरी आणि गुलाबी रंगाचे पट्टे, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्यावर त्या पट्ट्यांचा चेहरा होतो. ‘दिवसातून पन्नास वेळा रस्ता ओलांडायचो,’ ते सांगत, ‘शेवटी पाय न हलवता पलीकडून बघायला शिकलो.’ वडील आजारी पडले म्हणून परत आले ते कायमचे.

परत आले तेव्हा गावोगावची नाटके पडद्यांवरच चालत होती. हा पडदा मराठी रंगभूमीवर कुठून आला तेही थोडे सांगायला हवे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा देखाव्यांच्या पडद्यांचा थाट नव्हता. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’नंतर, म्हणजे १८८० नंतर, संगीत नाटक मंडळ्या वाढल्या, पारशी रंगभूमीवरचे भपकेबाज देखावे लोकांनी पाहिले आणि राजवाडा, रस्ता, उद्यान, अरण्य असे रंगवलेले पडदे मंडळीच्या इभ्रतीचा भाग झाले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी पडदे रंगवले आणि त्या कामामुळे दोघांनाही पेंटर हेच आडनाव चिकटले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी त्यानंतर लवकरच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. पडदा रंगवणारा माणूस पडद्यावर हलणारे चित्र आणायला निघाला, ही मला अगदी सरळ वाटचाल वाटते. दोन्हीकडे अंधारात बसलेला प्रेक्षक, एका बाजूने येणारा उजेड आणि सपाट कापडावर निर्माण करायची खोली हेच तर भांडवल होते.

या मंडळ्यांशी गोव्याचे नाते रक्ताचे होते. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी काढली. पुढे बोलपट आले, मंडळ्या बसल्या. पण आमच्या देवळांपुढचे नाटक बसले नाही, कारण ते तिकिटावर नव्हतेच, ते देवाच्या उत्सवाचा भाग होते. भाई सांगत, की त्यांच्या लहानपणी देवळाच्या माळ्यावर कुठल्याशा बंद पडलेल्या मंडळीचा दरबाराचा पडदा गुंडाळून ठेवलेला होता आणि तो वर्षातून एकदा उलगडला की त्यातल्या खांबांच्या रांगेत आपण चालत आत जाऊ असे त्यांना वाटे. पहिली आखणी त्यांनी त्या पडद्यावरून शिकून घेतली.

अरण्याचा एक पडदा पहिल्या शिवणीपासून शेवटच्या हातापर्यंत तयार होताना मी पाहिला आहे. मी तेव्हा गावच्या नाटकात किरकोळ कामे करू लागलो होतो आणि संध्याकाळी तालमीआधी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, जाऊन बसायचो. भाईंचे काम तिथेच चाले. मांजरपाटाचे पन्हे भाईंनी आडवे जोडून शिवून घेतले होते. शिवण उभी आली की ती उजेडात रेघेसारखी दिसते आणि पडदा टांगल्यावर वजनाने तिथेच सुरकुती धरते. आडवी असली की वजनानेच ती ताणून सपाट होते. कापड फळ्यांच्या चौकटीवर ताणून त्याला चिंचोक्याची खळ दिली, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला. मग काव लावलेली सुतळी दोन टोकांना धरून मध्ये फटकारायची, की कापडावर सरळ तांबडी रेघ उमटे; अशा रेघांनी सगळे कापड चौकटींत विभागले गेले आणि वहीतल्या वीतभर चित्रातली एकेक चौकट त्या मोठ्या चौकटीत उतरू लागली.

रंग सगळे पुडीचे होते: काव, पिवडी, नीळ, काजळी आणि सगळ्यांत मिसळायला खडूची भुकटी. ते बांधायला सरस. सरस रात्रभर भिजवून सकाळी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ऊन करायचा, थेट चुलीवर ठेवायचा नाही, नाहीतर करपून त्याची पकड जाते. तो जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंगाचे पोपडे निघतात आणि कमी झाला तर समोरून जाणाऱ्या नटाच्या कपड्यांना रंग लागतो. याहून कठीण गोष्ट अशी, की हा रंग ओला असताना जितका गडद दिसतो त्याहून वाळल्यावर कितीतरी फिका होतो. म्हणून भाई प्रत्येक छटा आधी त्याच कापडाच्या पट्टीवर लावत, पट्टी चुलीवर धरून वाळवत आणि मग ती गॅसबत्तीसमोर नेऊन बघत. दिवसाच्या उजेडात त्यांनी एकही छटा पक्की केली नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात पिवळा पांढऱ्यात विरतो, जांभळा काळा पडतो आणि नुसत्या निळीची रात्र मेलेली दिसते. त्या निळीत थोडी काव घातली तरच अंधार जिवंत होतो, हे त्यांनी मला पट्ट्या शेजारी शेजारी धरून दाखवले होते.

केवड्याच्या पारंब्या ठेचून केलेल्या कुंचल्यांनी त्यांनी लांबची झाडी निळसर आणि धुरकट ठेवली, मधली झाडी हिरवी केली आणि सगळ्यांत जवळची, गडद, पाने मोजता येतील अशी झाडे विंगांवर काढली. मात्र पडद्याच्या मध्यभागी, माणसाच्या छातीपासून डोक्याच्या थोडे वरपर्यंत येईल अशा पट्ट्यात, त्यांनी ठळक असे काहीच काढले नाही; तिथे नुसता झाडीतून झिरपल्यासारखा फिकट उजेड होता. मला तो भाग अपुरा वाटला आणि मी तसे विचारले.

‘इथे सीता उभी राहणार आहे,’ भाई म्हणाले. ‘तिच्या कानामागून पळसाचे पान डोकावले, तर लोक पान बघतील की तिचे तोंड?’

तेव्हा मला हे उत्तर केवळ व्यवहाराचे वाटले होते. आज वाटते, की रंगमंचाच्या चित्रकाराचे सगळे शास्त्र त्या एका मोकळ्या पट्ट्यात होते. हाताशी कौशल्य असताना ते नेमके जिथे सगळ्यांची नजर जाणार तिथे न वापरणे, ही गोष्ट फार थोड्यांना जमते. भाईंचा हिशेब तर त्याही पुढचा होता. जत्रेतले नाटक मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले आणि आमच्या देवळाचा मंडप पूर्वेला उघडा आहे. म्हणून शेवटच्या अंकात लागणाऱ्या पडद्यांवर ते उजव्या अंगाचे रंग थोडे अधिक दाट ठेवत, कारण तांबडे फुटले की त्या बाजूने खरा उजेड आत येई आणि फिके रंग विटलेले दिसू लागत.

नटांशी त्यांचे खटके उडत ते एकाच कारणावरून. आखणीने खोली दाखवलेल्या पडद्यात मागचे खांब, मागचे दरवाजे लहान लहान होत गेलेले असतात आणि एखादा नट बोलता बोलता मागे सरकला की तो महालाच्या दारापेक्षा उंच दिसू लागतो. भाईंनी पडद्यापासून दोन हातांवर जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवलेली असे आणि तालमीत कुणी ती ओलांडली की त्याला तिथल्या तिथे थांबवत. मोठ्या भूमिका करणाऱ्या एका बुजुर्ग नटाने एकदा चिडून विचारले, ‘नाटक माझे की तुमच्या पडद्याचे?’ भाईंनी शांतपणे उत्तर दिले, ‘तुमचेच. म्हणून तर तुम्ही त्या दारापेक्षा मोठे दिसू नये. तुम्ही राजे आहात, राक्षस नव्हे.’ त्या नटाने पुढे कधी रेघ ओलांडली नाही आणि मला वाटते, त्याच्या वावरण्यात त्यामुळे एक डौलही आला.

पुढचा मोठा बदल भाईंच्या चाळिशीनंतरचा. मुंबईत १९३३ सालीच नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने रंगवलेले पडदे बाजूला सारून रंगमंचावर घरातली खरीखुरी वाटणारी खोली उभी केली होती. आमच्याकडे उत्सवात पडदेच टिकले, पण १९७० साली कला अकादमीची स्थापना झाली, तिच्या मराठी नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि गावातली पोरे वेगळी नाटके बसवू लागली. त्यांना अरण्य आणि दरबार नको होते. भाईंच्या वयाचे बरेच कारागीर इथे थांबले. भाई थांबले नाहीत. द. ग. गोडसे यांचे लेखन त्यांनी मिळवून वाचले. चित्रकार, कलामीमांसक आणि नेपथ्यकार या तिन्ही नात्यांनी वावरलेल्या त्या माणसाबद्दल बोलताना भाईंच्या आवाजात शिष्याचा आदर असे, जरी ते त्यांना कधी भेटले नव्हते. मांडवीच्या काठी कांपालला चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या वास्तूत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर उभे राहिले, त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेली माणसे रंगवली. भाई पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा रंगमंचाकडे पाठ करून कितीतरी वेळ त्या भिंती पाहत राहिले. सपाट भिंतीवर खोलीचा भास करणे ही त्यांचीच विद्या होती आणि ती अशी पक्क्या भिंतीवर, गुंडाळावी न लागता राहिलेली पाहून त्यांना झालेला आनंद निखळ होता.

त्यांनी केलेल्या सेटांपैकी एक मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. नाटक एका मोडकळीला आलेल्या घराचे होते. दिग्दर्शकाला पुरे घर हवे होते. भाईंनी राजांगणाचा, म्हणजे घराच्या आतल्या चौकाचा, एक कोपरा, एक तुळशीवृंदावन आणि बसायचा एक सोपा एवढेच ठेवले. सगळा जीव त्यांनी चिऱ्याच्या एका अर्ध्या पडलेल्या भिंतीत ओतला. फळ्यांच्या चौकटीवर कापड, त्यावर भुसा आणि सरस यांचा खरबरीत थर आणि मग नारळाच्या सोडणाने टिपत टिपत लावलेले तीन रंग: आधी काळपट तांबडा, तो पुरता वाळण्यापूर्वी काव आणि अगदी शेवटी, चिऱ्याच्या भोकांच्या वरच्या कडांना, पिवडी. जवळून ती भिंत डागांचा पसारा होती. रंगीत तालमीत तिच्यावर बाजूने दिवा पडला आणि पावसाने खाल्लेला, बोटे फिरवली तर भुगा हाताला लागेल असा चिरा उभा राहिला. समोरचा गिलावा त्यांनी मुद्दाम एका ठिकाणी गुळगुळीत ठेवला होता. म्हातारी आई तिथे टेकून बसायची आणि रोजच्या टेकण्याने भिंत तेवढ्या जागी झिजलेली असणार, हे नाटककाराने न लिहिलेले वाक्य भाईंनी लिहून ठेवले होते. बक्षीस दुसऱ्याच नाटकाला मिळाले.

पावसाळ्यात, चित्रशाळेचे काम अंगावर येण्याआधीचे थोडे दिवस, ते स्वतःसाठी जलरंगात चित्रे काढत: खांडेपार नदीचे वळण, देवळाची तळी. ही चित्रे त्यांनी कुठे मांडली नाहीत. गोवा कला महाविद्यालय १९७२ साली निघाले, लक्ष्मण पै यांच्यासारखा पॅरिसला राहून आलेला मडगावचा चित्रकार तिथे प्राचार्य झाला, प्रदर्शनांचे वारे वाहू लागले. पण भाई त्या वाटेला गेले नाहीत आणि त्याची खंतही त्यांनी बोलून दाखवली नाही. ती चित्रे मी त्यांच्या पश्चात एकत्र पाहिली, तेव्हा लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक चित्राच्या मध्यभागी जागा मोकळी आहे. नदी आहे, दोन्ही काठ भरलेले आहेत आणि मध्ये उजेडाचा एक पट्टा, ज्यात कुणीतरी येऊन उभे राहावे.

पडद्यांचे पुढे काय झाले ते लिहिताना मला अजून राग येतो. गोव्याच्या दमट हवेत खळ दिलेल्या कापडाला बुरशी धरते, उंदरांना खळ आवडते, आणि त्यांतून जे वाचले ते फ्लेक्सवर छापलेले राजवाडे स्वस्तात मिळू लागल्यावर नकोसे झाले. एका ठिकाणी दरबाराचा पडदा बांधकामाच्या सिमेंटवर झाकण म्हणून पावसात पडलेला मी स्वतः पाहिला. भाई तेव्हा हयात होते आणि त्यांना ते कळले होते. ते म्हणाले, ‘कापड मजबूत होते म्हणायचे.’ मला त्यात समाधान मानता आले नाही आणि आजही येत नाही. देवस्थाने आपली पालखी, आपले समयांचे जोड, देवाच्या तरंगकाठ्यांची वस्त्रे पिढ्यान्पिढ्या सांभाळतात. ज्या पडद्यांसमोर गावाने शेकडो रात्री जागून काढल्या, त्यांतला एखादा तरी वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, कोरड्या खोलीत ठेवणे अवघड नव्हते.

हाती उरल्या आहेत त्या त्यांच्या वह्या. प्रत्येक नाटकासाठी एक पान: वर वीतभर चित्र, खाली रंगमंचाचे माप, पट्ट्यांवरून ठरवलेल्या रंगांचे प्रमाण आणि नट कुठे उभे राहणार त्याच्या फुल्या. त्यांची मुलगी आणि मी त्या वह्यांची पाने फोटो काढून क्रमाने लावत आहोत. चित्रे कळतात, प्रमाणे कळतात. अडते ते पडदा प्रत्यक्ष रंगल्यावर कसा दिसला, तिथे. त्यासाठी आम्ही गावोगावी जुने आल्बम पाहत आहोत. फोटो काढणाऱ्याने तो आजोबांच्या अर्जुनाचा किंवा आत्याच्या रुक्मिणीचा म्हणून काढलेला असतो आणि घरचेही त्याच मायेने तो दाखवतात. पण त्या अर्जुनाच्या खांद्यामागे हातभर अरण्य असते, कधी खांबांची रांग असते, कधी विंगेची कड असते. फोंड्याच्या आसपासच्या कुणाच्या घरी असे फोटो असतील, तर ते एकदा खाली काढून नटाच्या मागे काय दिसते तेवढे पाहावे आणि जमले तर फोटोच्या पाठीवर नाटकाचे नाव, देऊळ आणि साल लिहून ठेवावे. आम्हाला सर्वांत जास्त शोधावे लागते ते साल.